सात नंबरचं पाणी

बाबल, काल सात नंबरच्या गटाराचं झाकण मी एकट्याने उचललं. तू शिकवलं होतंस तसंच, आधी पहारीने एक कोपरा वर घेतला, त्याखाली दगड सरकवला, मग दुसरा कोपरा. झाकण उठलं, पण माझी कंबर गेली. आज पाठीला उशी लावून खुर्चीत बसलोय आणि येणारा-जाणारा विचारतोय, काय झालं. पावसाळ्यात जुनं दुखणं वर येतं, असं सांगून वेळ मारून नेतोय. तू असतास तर अख्ख्या पालिकेला ओरडून सांगितलं असतंस, "साहेबान आज पयल्यांदा पहार धरल्यान, नारळ फोडा रे!"

तुला जाऊन चौदा दिवस झाले. कर्मचाऱ्यांनी तुझा फलक लावायचं ठरवलं, वर फोटो आणि खाली चार ओळी, आणि त्या ओळी लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी तुझं जन्मगाव लिहिलं, नोकरीला लागल्याचं साल लिहिलं, 'मनमिळाऊ' असंही लिहिलं. मनमिळाऊ! बाजारातल्या निम्म्या दुकानदारांशी ज्याने उभं वैर घेतलं होतं, तो तू! तिठ्यावर फलक दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी वाऱ्याने फाटला, तीन नंबरच्या जाळीवर जाऊन बसला, आणि भाजीवाल्यांच्या पायांत घोटाभर पाणी साचलं. जाळीवरून तुझा फोटो मीच वाकून काढला. मला हसू आलं रे, खरंच आलं, आणि मग भर बाजारात रडू कोसळलं. फलकावर जे मावलं नाही ते आता इथे लिहितोय.

दहा वर्षांपूर्वी मी पेडण्याहून इथे तांत्रिक सहायक म्हणून आलो. हरमलच्या बाजूला आमचं घर. तिथे पावसाचं पाणी आपलं वाळूत जिरायचं, त्याच्यासाठी कुणी कागद रंगवत नसे. इथे आलो तर अकरा पावसाळी गटारं माझ्या गळ्यात, आणि त्या गटारांचा मुकादम तू. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. डिचोली तालुक्यातलं म्हटलं की ज्यांना कळायचं त्यांना कळेल. पहिल्या दिवशी मी तुला 'तुम्ही' म्हणालो, कारण वयाने तू बारा-तेरा वर्षांनी मोठा. तू पायातले बूट चढवत म्हणालास, "गटारात उतारल्यार सगळे 'तू'. आधी उतार, मगे बघू काय हाक मारूची ती." मी पँट दुमडून उतरलो. तेव्हापासून तू 'तू' झालास. मी मात्र तुझ्यासाठी शेवटपर्यंत 'साहेब' राहिलो, आणि त्यातली थट्टा मला कळत होती.

मे महिन्यात आपली फेरी असायची. सकाळी पाववाल्या पोदेराकडचे गरम उंडे कागदात गुंडाळून घ्यायचे आणि एक नंबरपासून चालायला लागायचं. तुझ्या हातात ती बांबूची दांडी, सुरीने खुणा पाडलेली. एकेका गटाराच्या तोंडाशी उकिडवा बसून तू वास घ्यायचास. "हो आंघोळीचो साबण. ह्या भांड्यांचा पाणी. आणि ह्या..." पुढचं बोलायचा नाहीस. नुसतं मान वर करून बघायचास, त्या बाजूला कुठल्या घराची खिडकी आहे ते. म्हातारा नाटकं करतो, असं मला पहिल्या वर्षी वाटलं. पण भर मे महिन्यात, आभाळात ढग नसताना, सात नंबर ओलं असायचं. "पाऊस नाय, तरी गटार व्हावता. मगे ह्या पाणी कोणाचा, साहेब? इंद्राचा?"

लोकांना सगळी गटारं सारखीच. उरलेला चहा, रंगाचे डबे धुतलेलं पाणी, मासळीचं पाणी, जे नको ते जाळीतून खाली. पावसाचं गटार वेगळं, हे मलाही कॉलेजात शिकवलं होतं, पण कळलं ते तुझ्याकडून. "घाणीच्या पाण्याक वाटेत टाकी असता, थंय ता निवळता. ह्येका वाटेत कोण नाय. जा घालशात ता सरळ नदीत, नायतर कोणाच्या तरी तोंडात." हेच मी पुढे एका अहवालात चार ओळी लांबवून लिहिलं आणि वरच्या साहेबांची, मुख्याधिकाऱ्यांची, शाबासकी घेतली. त्या अहवालात तुझं नाव नव्हतं. तुला ते कळलं तेव्हा तू एवढंच म्हणालास की चहा तरी पाज.

सात नंबर बाजाराच्या मागून जातं, त्या तीन मजली इमारतीला लागून. खाली खानावळ, वर खोल्या. खोल्यांत बेळगाव-कोल्हापूरकडून बांधकामावर आलेली माणसं दाटीने राहतात. माणसं वाढली, शोषखड्डा होता तेवढाच राहिला, भरून वाहायला लागला. मग कधीतरी त्यातून एक नळी निघाली आणि गुपचूप सात नंबरात शिरली. नळी आतल्या अंगाला आहे, वरून दिसत नाही. इमारतीच्या मालकाने आपल्यासमोर कानांवर हात ठेवले. तो काही राक्षस नाही रे. तू गेलास त्या दिवशी तुझ्या घरी खुर्च्या त्यानेच पाठवल्या आणि उन्हापावसात स्वतः उभा राहून लावून घेतल्या.

याच गटारावरून आपलं मोठं भांडण झालं होतं. बाजारात स्कूटर लावायला जागा नाही म्हणून गटारांवर पक्की लादी टाकायचं ठरलं आणि मी ते आनंदाने आखलं. नकाशावर फार छान दिसत होतं. तू म्हणालास, झाकणं उचलायची ठेव, नाहीतर आत काय चाललंय ते कुणाला दिसणार. मी म्हणालो, उचलायची झाकणं चोरीला जातात. गवंडी सात नंबरपर्यंत आले त्या दुपारी तू जेवणाचा डबा उघडून शेवटच्या झाकणावर मांडी घालून बसलास. दोन तास जेवत होतास. गवंडी कंटाळून निघून गेले आणि ते एक झाकण सुटं राहिलं. आठवडाभर मी तुझ्याशी बोललो नाही. ते झाकण तेव्हा सिमेंटने बंद झालं असतं तर काल मला आत काही ओतताही आलं नसतं.

गेल्या वर्षी वरून हुकूम आला. प्रत्येक पालिकेने आपल्या पावसाळी गटारांची यादी करायची, एकेका गटाराचं पाणी शेवटी कुठे पडतं ते लिहायचं, आणि त्यात पावसाखेरीज दुसरं काही मिसळतं का तेही लिहायचं, होय किंवा नाही. मी टेबलावर जुना नकाशा पसरला आणि एका बैठकीत अकराच्या अकरा रकाने भरले. नदी, नदी, नदी. तू मागे उभा राहून वाचत होतास. "सात नंबर नदीत जायत नाय," म्हणालास. मी नकाशावर बोट ठेवून दाखवलं. तू म्हणालास, खाणी जोरात होत्या तेव्हा ट्रकांसाठी रस्ता उंच केला, त्या भरावाखाली सात नंबरची नळी चेपली, तेव्हापासून पाणी नदीकडे जातच नाही. मग कुठे जातं? "माझ्या दारात," तू म्हणालास. "झरीर."

ती झर म्हणजे खालच्या वाड्याचा जीव. वरच्या कुंडात प्यायचं पाणी, खालच्या कुंडात धुणं-भांडी. आता घरोघरी नळ आले म्हणून पिणारे थोडे उरले, पण देवाची कळशी अजून तिथूनच भरतात, आणि मुलं आंघोळीला तिथेच. तुझं घर झरीपासून हाकेच्या अंतरावर. दोडामार्गाहून खाणीवर कामाला आलास, तेव्हा ती झर बघूनच तिथे घर बांधायचं ठरवलंस, असं तुझी बायको, आमची वयनी, सांगायची.

मी म्हणालो, सिद्ध करून दाखव. तू शिगम्याची वाट बघितलीस. रोमटामेळाच्या मिरवणुका संपल्यावर मंडळा-मंडळांतून उरलेला गुलाल मागून आणलास, दोन बाल्द्या भरून. जूनच्या सरी पडून उघडीप आली तेव्हा तू वर झाकणापाशी उभा राहिलास आणि मी खाली झरीवर. गुलाल पाण्यात कालवून ओतलास. काही वेळाने झर लाल झाली. मी टाळी वाजवली, आणि बाजूला कपडे आपटणारी एक बाई माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघत म्हणाली, "पावसांत उदक तांबडेंच येता न्हय? खाणीची माती ती." बरोबर बोलत होती. आपल्या तालुक्यात पावसाळ्यात कुठलं पाणी लाल नसतं? दोन शहाणे, एकाच्या हातात पदविका आणि एकाच्या हातात तीस वर्षांचा अनुभव, खाणीच्या मुलखात लाल रंग घेऊन पाण्याचा माग काढायला निघालेले. तू वरून धापा टाकत आलास, ऐकलंस, आणि कुंडाच्या काठावर बसून इतका हसलास की तुझी कवळी पाण्यात पडली.

पुढच्या उघडिपीला हिरवा रंग घेतला. तोवर तू पद्धत पक्की केली होतीस. एकाने वर ओतायचं, दुसऱ्याने खाली थांबायचं. खालच्या माणसाने पहिल्यांदा कुंडांवरच्या सगळ्यांना बाजूला करायचं, मुलांना बाहेर काढायचं, मग वर फोन करायचा, मगच वरच्याने बाल्दी उचलायची. "वयलो माणूस आंधळो असता," तू मला बजावलंस. "खाली कोण हा ता तेका दिसना नाय. ह्या काम एकट्याचा न्हय." मी बायकांना हात जोडून उठवलं, फोन केला, घड्याळ लावलं. विसाव्या मिनिटाला वरच्या कुंडाच्या कोपऱ्यातून हिरवं पाणी आलं. अगदी बारीक धार, मग जाड. "इला रे!" मी फोनवर ओरडलो.   तू पलीकडून एवढंच म्हणालास, "लिव आता."

लिहितो म्हणालो. आणि गेलो साहेबांकडे.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट बोलले नाहीत, हीच तर अडचण आहे. "चाळीस माणसां रावतात थंय," म्हणाले. "नळी बंद केल्यार तांकां खंय धाडटलो? आनी 'होय' लिहिलंत तर पहिली नोटीस मालकाला नाही, आपल्यालाच येते. यंदा जाऊ दे. पुढच्या वर्षी शोषखड्डा मोठा करून घेऊ, मग खरं ते लिहू." मला ते पटलं. पटवून घेतलं म्हण. सात नंबरच्या रकान्यात पहिल्यासारखंच 'नदी' राहिलं आणि पुढे मी 'नाही' लिहून सही केली.

संध्याकाळी पालिकेच्या फाटकापाशी तू विचारलंस, "लिवलंस?"

"लिवलां," मी म्हणालो.

बाबल, तुला न सांगितलेलं एवढंच आहे. बाकी सगळं तुला माहीत होतं, माझी बढती अडली तेही आणि माझ्या घरातली भांडणंही. तू त्या संध्याकाळी माझ्या खांद्यावर हात ठेवलास, चिखलाचा, आणि मी शर्ट मळला म्हणून कुरकुरलो. घरी जाऊन तू वयनीला सांगितलंस की साहेबाने लिहिलं, आता नळी बंद होणार. वर्षभर तू वाट बघितलीस. "साहेब, तुझो कागद खंय पोचलो?" पणजीत आहे, मी सांगायचो. वर गेलाय. तिथे खूप गावांचे कागद असतात. "कागद चलत गेलो काय रे?" तू विचारायचास, आणि आपण दोघे हसायचो. मला हसता यायचं याचं आज आश्चर्य वाटतं.

या पावसाळ्यात सात नंबर तुंबलं. खानावळीचं तूप-तेल आणि प्लास्टिक, नेहमीचंच. तू उतरलास. तुझ्या नडगीवर जुनी खरचट होती, मी बघितली होती, बुटाच्या काठाने झालेली. त्याच आठवड्यात तू तीन नंबरातही उतरलास आणि नऊ नंबरातही. आठ दिवसांनी ताप भरला. पोटऱ्या फुटतात म्हणालास, डोळे लाल झाले, मग पिवळे. डॉक्टर म्हणाले, उंदरांचा ताप, घाण पाण्यातून येतो, जखम असेल तिथून. कुठल्या पाण्यातून आला हे कुणीही सांगू शकणार नाही. मी त्या डॉक्टरांना दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा त्यांनी हेच सांगितलं. तीन नंबर असेल, नऊ नंबर असेल. मी रोज सकाळी उठून स्वतःला हे सांगतो. दुपारपर्यंत ते पुरतं.

शेवटचं भेटलो तेव्हा तुला बोलायला त्रास होत होता. वयनी बाजूला बसून होती. तुझा मुलगा नितीन मुरगावहून, गोदीवरची पाळी अर्धी टाकून धावत आला होता. तू त्या दोघांना सोडून माझ्याकडे बघितलंस आणि विचारलंस, "कागद?" मला वाटलं आता सांगावं. खाली वाकलोसुद्धा. आणि तुझ्या कानात म्हणालो, "येतलो रे, ह्याच महिन्यात येतलो." तू मान हलवलीस. विश्वास ठेवलास की मला सोडून दिलंस, हे मला कळलं नाही. कधी कळणारही नाही.

दहाव्याचा विधी झरीवर होता. दुसरीकडे कुठे असणार? अर्धा वाडा जमला होता, मालकही आला होता. भटजींनी दर्भ मांडले, आणि नितीनला सांगितलं, पळीभर पाणी हातावर घे, तीनदा आचमन कर. नितीन वरच्या कुंडात पळी बुडवायला वाकला. त्या कोपऱ्यातूनच. बाबल, मला तिथे ओरडायचं होतं. नितीन, नको, ते पाणी कुठून येतं ते मला ठाऊक आहे, तुझ्या बापाला ठाऊक होतं, आणि त्या खुर्चीवर बसलेल्या माणसालाही ठाऊक आहे. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं, "पाऊस आहे, झर गढूळ आहे, मी चांगलं पाणी आणतो." कोपऱ्यावरच्या दुकानातून बाटली आणली. तिचं सील मी दातांनी तोडलं. भटजी म्हणाले, चालतं. मालक म्हणाला, "बरें केलें." तुझ्या मुलाने तुझ्या नावाने दुकानातल्या पाण्याचं आचमन केलं, तुझ्याच झरीच्या काठावर बसून.

निघताना वयनीने मला थांबवलं. "झरीचा पाणी कित्याक नाय घेतलास?" तिने विचारलं. मी परत पावसाचं कारण सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर उभा राहिलो. सात नंबरची नोंद दुरुस्त करायची आहे म्हणालो. साहेबांनी खुर्ची दिली, तुझी चौकशी केली, तुझ्याबद्दल चार चांगले शब्द बोलले. मग म्हणाले, "गेल्या वर्षी तुम्हीच 'नाही' लिहून सही केलीय. आता 'होय' म्हणता. मध्ये काय झालं? वरून विचारलं तर मी काय दाखवू? पुरावा आणा. दोन साक्षीदार आणा." ते खोटं बोलत नव्हते. एक साक्षीदार मी, आणि माझी सही माझ्याविरुद्ध. दुसरा तू.

मग मी तुझ्या पोरांना विचारलं, तुझ्या हाताखालच्या. त्यांची नजर खाली गेली. "आमका नको, साहेब. तो मालक आमच्याच गावचो." त्यांना काय बोलणार? मला वर्ष लागलं. नितीन बाराव्यानंतर मुरगावला परत गेला होता. त्याला बोलवायचं तर सगळं सांगावं लागलं असतं. म्हणून मी काल एकट्याने निघालो. स्टोअरमध्ये तुझ्या फळीवर हिरव्या रंगाची पिशवी होती, तोंड सुतळीने बांधलेली, यंदाच्या शिगम्यातली. तू पुन्हा गोळा करून ठेवली होतीस. कशाला, ते मला विचारता येणार नाही.

दुपारी दोनला झरीवर कुणी नसतं, असं मी धरून चाललो. पाऊस थांबला होता. झाकण उचललं, बाल्दीत रंग कालवला, ओतला. रंग अंधारात गेला आणि मी कंबर धरून स्कूटरकडे धावलो. वीस मिनिटं होती. वर तिठ्यावर वाट अडली होती, डंपर आणि बस समोरासमोर, कुणीच मागे घेईना. मी हॉर्न वाजवला, ओरडलो, शेवटी स्कूटर तिथेच टाकून पायवाटेने उतरलो. तुझ्या वयाचा असतो तर पडलोच असतो. पोचलो तेव्हा घड्याळात बत्तीस मिनिटं झाली होती.

झरीवर वयनी होती. दुपारची वेळ तिने मुद्दाम निवडली होती, हे मला नंतर सुचलं. सकाळी बायका असतात, त्यांची विचारपूस असते. ती खालच्या कुंडाशी तुझी पांढरी चादर धूत बसली होती. चादर हिरवी झाली होती. पाणी आता बरंचसं निवळलं होतं, काठाला फक्त हिरवी रेघ राहिली होती. ती उठून उभी राहिली. हात पुढे धरले होते तिने, मला दाखवायला नाही, काय करायचं ते न कळून. बोटं हिरवी, तळवे हिरवे, आणि वर मनगटांपर्यंत, जिथून दोन आठवड्यांपूर्वी बांगड्या उतरवल्या तिथपर्यंत हिरवं.

"भियेलंय मी," ती म्हणाली. "मगे माका आठावला, गेल्या वर्षीचा. तेंनी सांगितलेला." तिने चादरीकडे बघितलं. "तेंनी माका सांगितलेला, साहेबान लिवल्यान म्हणान. नळी बंद जातली म्हणान. मगे ह्या अजून कसा येता?"

बाबल, मी तिला सांगितलं. "वयनी, मी लिवकच नाय." आणखी काही म्हणायचं होतं, साहेब काय म्हणाले, चाळीस माणसं, नोटीस, पण त्यातलं काहीच जिभेवर आलं नाही. तिने मला शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं.  चादरीचा पिळा उचलून तिने दगडावर ठेवला.

दुरुस्तीचा अर्ज आज सकाळी मी साहेबांच्या टेबलावर ठेवला आहे. सात नंबर, पाणी पडण्याचं ठिकाण झर, पावसाखेरीज मिसळतं का, होय. खाली माझी सही आहे. दुसऱ्या साक्षीदाराची जागा कोरी आहे, कारण काल जिने बघितलं तिच्याकडे सही मागायला माझं तोंड नाही. साहेब अजून आले नाहीत. ते काय करतील मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर अंदाज आहे.

काल मी निघायला वळलो तेव्हा वयनी हात धुवायला पुन्हा कुंडावर वाकली, आणि पाण्याला हात लागायच्या आधी तशीच थांबली. धुवायला तिथे दुसरं पाणी नव्हतं.